पस्तीस वर्षांचा धवळ्या

"सबंध खान्देशात फुटबॉल कळणारा माणूस एकच!" मोतीलाल सर छातीवर हात ठेवून सांगत. तो माणूस कोण, हे विचारायची सोय नव्हती. पाचोऱ्याला स्टेशन रोडवर त्यांचा कॉम्प्युटर क्लास होता, अवघ्या तीन कॉम्प्युटरांचा. आयुष्यात चेंडूला त्यांनी एकदाच लाथ मारली होती, आणि तेव्हा चप्पल शेजारच्या विहिरीत गेली होती!

पण सत्त्याण्णव साली त्यांचा मित्र भटू, धुळ्याला त्याचाही क्लास, फ्लॉपीवर एक खेळ घेऊन आला. यात चेंडूला पाय लावायचाच नाही. आपण संघाचे कारभारी. खेळाडू घ्यायचे, कोण खेळणार, कोण बाकावर बसणार, ते ठरवायचं. मग सामना पडद्यावर ओळीओळीने लिहून येतो. मोतीलाल सरांना वाटलं, हा तर आपल्यासाठीच काढलाय!

"पोळ्यापर्यंत कप जिंकून दाखवतो!"

"आणि नाही जिंकलास तर?" भटूने विचारलं.

"तर क्लासवर पाटी लावतो. 'खान्देशात फुटबॉल कळणारा एकच, भटू सर, धुळे.' स्वतःच्या हाताने रंगवून, वर्षभर! आणि जिंकलो, तर तू रंगवायची. जिंकणाऱ्याच्या नावाची!"

सरांनी वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानावर वाचलेली नावं आठवून आठवून संघ घेतला. ती नावं दहा वर्षांपूर्वीची होती! अकरांतले सात जण तिशीपार. सगळ्यात मोठा गडी गॅलोवे, वय पस्तीस. त्याला सरांनी प्रत्येक सामन्यात पहिल्या मिनिटापासून खेळवला. महिन्याभरात संघ खालून दुसरा आला. स्टेशन रोडवरचा पेंटर विचारून गेला, "सर, पाटीचा पत्रा कापून ठेवू का?" सरांना जेवण जाईना.

अशात भडगावहून त्यांचे वडील, उखर्डू आबा, मोतीबिंदू काढायला आले. ऑपरेशन झालं, एका डोळ्यावर हिरवी पट्टी बसली, आणि पंखा फक्त क्लासमध्ये म्हणून आबा तिथेच येऊन बसले. आबांना अक्षर येत नव्हतं, पण बैलांचा बाजार केलेला माणूस, आकडे पक्के होते.

"हाऊ चोपन आकडा कसाना शे?" त्यांनी पडद्यावर गॅलोवेच्या ओळीवर बोट ठेवलं.

"त्याना दम शे, आबा. शंभरपैकी."

"आन् हाऊ पस्तीस?"

"वय."

आबा उठूनच उभे राहिले. "पस्तीस! आन् रोज जुंपी ऱ्हायना तू याले? मानूस शेस का कोन?"

"आबा, हाऊ बैल नही, खेळाडू शे! इंग्लंडना शे!"

"इंग्लंडमा गुडघा नही ऱ्हातस का?"

आबांनी खुर्ची पुढे ओढली. पस्तीस वर्षांच्या गॅलोवेचं नाव त्यांच्या जुन्या पांढऱ्या बैलावरून धवळ्या पडलं. एक दिवस काम, दोन दिवस गोठा. सरावाला हलका बोजा. खेळवायचा तो शेवटचा अर्धा तास, आणि जोडीला एकोणीस वर्षांचा नवा गोऱ्हा. "म्हतारा वाट दखाडस, तरना जोर लावस," आबा म्हणाले. "आन् याले ढेप-चारा कोठून देस?"

"ते बटण नही, आबा."

"मंग कसानी कंपनी शे ही!"

आणि काय सांगावं! धवळ्याचा दम चोपन्नाचा नव्वद झाला. येऊन वीस मिनिटं खेळे आणि गोल मारून जाई. बाकीच्या म्हाताऱ्यांनाही आबांनी पाळ्या लावल्या. संघ हरायचाच विसरला. मोतीलाल सरांच्या अंगावर काटा यायचा. ज्या माणसाने उभ्या जन्मात फुटबॉल पाहिला नाही, त्याला हे कळतं कसं? बापाकडे असं तोंड उघडं ठेवून ते लहानपणानंतर आताच पाहत होते.

कपाची अंतिम फेरी पोळ्याच्याच दिवशी आली. आदल्या संध्याकाळी आबांनी रीतीप्रमाणे बैलाची खांदेमळणी केली. भडगावचा गोठा लांब, म्हणून धवळ्याचीच केली. कॉम्प्युटरच्या पडद्याच्या डोक्यावर, भोकाभोकांच्या जाळीवर, हळद घातलेलं तूप चांगलं वाटीभर चोळलं! सरांना त्याचा पत्ताही नव्हता.

पोळ्याला भटू धुळ्याहून आला. सरांच्या पत्नी लताबाईंनी मांडे वाढले. सामना सुरू झाला. सत्तराव्या मिनिटाला सर एका गोलने मागे! त्यांनी खेळ थांबवला.

"आबा, धवळ्याले मैदानमा सोडू का?"

"आज पोळा शे. आज खांदवर जू नही!"

"पण आबा, खेळमा मे महिना शे!"

"तुना डब्बामा काय बी ऱ्हावो. मना घरमा पोळा शे!"

भटू गालात हसला. सर पाया पडले, लताबाईंनी समजावलं. आबा ढिम्म! तासभर खेळ तसाच थांबलेला, पडदा तापत चाललेला. "साजूक तुपाची फोडणी कोणी टाकली?" लताबाई दोनदा पाहून आल्या. शेवटी वेशीकडे ढोल कडाडले, तोरण तुटलं, बैल उधळले.

"पोळा फुटना!" आबा ओरडले. "आते सोड त्याले पळाले!"

सरांनी बटण दाबून धवळ्याला सोडला. एक्क्याऐंशीव्या मिनिटाला धवळ्या, गोल! अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला गोऱ्ह्याने दिला, धवळ्याने घेतला, गोल! भटूसुद्धा खुर्चीवर चढला. आणि त्याच क्षणी पडद्यातून भप्पकन धूर निघाला अन् सगळा काळोख!

"पाटी रंगव!" भटू ओरडला. "निकाल दिसला नाही!"

पण पडद्याखालचा कॉम्प्युटरचा डबा घुरघुरत होता. सरांनी शेजारचा पडदा उचलून वायर जोडली. हळूहळू ओळ उमटली. दोन-एक. कप! सरांच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं.

भटू दिलदार गडी. तिथेच पत्रा मागवून, ब्रश घेऊन बसला. अट ठरली होती, जिंकणाऱ्याच्या नावाची पाटी. सर छाती काढून शेजारी उभे, हातात रंगाचा डबा. पाटी पुरी झाली. आबांनी एका डोळ्याने ती निरखली.

"काय लिखेल शे?"

गल्ली जमली होती, वाचण्यावाचून सुटका नव्हती.

"'खान्देशात फुटबॉल कळणारे एकच,'" ते हळूच म्हणाले, "'उखर्डू आबा, भडगाव.'"

आबा विचारात पडले. मग पाटीवर बोट ठेवून म्हणाले, "आन् धवळ्यानं नाव? पळना कोन, मी का तो?"

भटूने ब्रश पुन्हा रंगात बुडवला. मोतीलाल सरांनी डबा धरला होताच.