पलंगातली मार्फा

कोळ्याला ऊब कशी द्यायची हे मला कुणी शिकवू नये! जन्म गेला माझा गोठलेल्या बसची इंजिनं चालू करण्यात. तळहाताएवढी कोळीण मला जड जाणार?

मार्फा माझ्या मुलीची, ताईस्याची. टॅरंटुला. केसाळ, गुबगुबीत, स्वभावानं आमच्या घरात सगळ्यांत शांत. ताईस्या शिकायला पीटर्सबर्गला गेली, वसतिगृहानं कोळीण नाकारली. निघताना पोरगी रडली. "बाबा, गारठून आखडली तर ती परत हलणार नाही. जपाल ना?"

जपेन म्हटलं. तेवढ्यात बर्फ पडलं!

आमच्या गावात घरं तापवायचं गरम पाणी सगळ्यांना एकाच ठिकाणाहून येतं आणि ते कधी सोडायचं हे साहेब लोक ठरवतात. स्वतः हीटरपाशी बसून! मी फोन केला तर बाई म्हणते, "कागदोपत्री अजून थंडी पडलेली नाही." मग खिडकीवर साचलंय ते काय, साखर?

विजेची शेगडी लावली, तर फ्यूज उडून अख्ख्या जिन्यात अंधार. शेवटी मार्फाचा डबा शालीत गुंडाळला, शेजारी गरम पाण्याची पिशवी ठेवली आणि पलंगात पिसांच्या रजईखाली घातला. बायको, ल्युस्या, सोफ्यावर झोपायला गेली.

पण त्याच रजईखाली सासूबाईंचं पातेलं! कुट्टूच्या दाण्यांची लापशी चुलीवरून उतरवली की पातेलं शालीत गुंडाळून पलंगात मुरायला ठेवायचं, ही इथली घरोघरची रीत.

"जावईबापू, तुमची राक्षसीण माझ्या लापशीला चिकटलीय!"

"आई, मध्ये उशी ठेवलीय."

"उशी कसली? भिंत बांधा!"

रविवारी दुपारी ताईस्याचा व्हिडिओ कॉल आला. "बाबा, मार्फा दाखवा."

मी ऐटीत रजई उचलली, शाल सोडली. भसकन वाफ आली!

"झोपलीय गं ती."

"बाबा, ही लापशी आहे."

मी रजई पुरती उलटली. उशीपलीकडे काहीच नव्हतं.

"बाबा! मार्फा कुठंय?"

तेव्हा मला आठवलं. सासूबाई तासाभरापूर्वी वरच्या मजल्यावर इग्नात सावेलिचकडे शालीत गुंडाळलेली लापशी घेऊन गेल्या होत्या. निवृत्त इंजिन ड्रायव्हर, एकटा विधुर, तापानं फणफणलेला. आजारी माणसाला त्यांनी काय वाढलं असेल! आणि झाकण उघडल्यावर खिडकीतून काय भिरकावलं असेल!

मोज्यांवरच जिना चढलो. हातातल्या फोनमधून ताईस्या रडत होती. दार नुसतं लोटलेलं होतं. आत धडकलो.

"आई! कुठं टाकलीत तिला?"

"ओरडू नका, दचकेल ती."

डबा इग्नातच्या रॉकेलच्या हीटरजवळ, पण बेतानं अंतर राखून ठेवलेला. आत मार्फानं सावकाश एक पाय उचलला, मग दुसरा. फोनमधलं रडणं थांबलं. मी तिथंच जमिनीवर बसलो.

"झाकण उघडलं आणि मी अशी किंचाळले," सासूबाई म्हणाल्या, "की यांनी अंथरुणातून उठून माझा हात धरला."

"घाबरल्या होत्या हो फार," इग्नात खाली बघत पुटपुटला.

हात त्यानं अजून सोडला नव्हता! चहा संपलेला होता, कप गार पडले होते, आणि दोघं आपले त्या डब्याकडे बघत बसलेले.

"बाबा," फोनमधून हळूच आवाज आला, "घरी जा. आणि दार लावून घ्या."

दुसऱ्या दिवशी साहेबांना जाग आली. गरम पाणी असं सोडलं, की बनियनवर बसूनही खिडक्या उघडाव्या लागल्या!

"आई, मार्फाला आणू का आता खाली?"

"डोकं ठिकाणावर आहे ना? जिन्यात गारठा केवढा! बाधेल तिला."

आणि ओठांना लाली लावून सासूबाई त्याच जिन्यानं वर गेल्या. दिवसातून चौथ्यांदा.