दोन झाऱ्यांचा भिवा

काशीमास्तर माणूस अर्धाच काढायचे. अर्धं डोकं, एक खांदा, एक हात, एक पाय. मग कागद मधोमध दुमडायचा, कात्रीच्या मुठीने पाठीमागून घासायचा आणि उलगडायचा. पलीकडे उरलेल्या माणसाची पुसट खूण उठलेली असे, तिच्यावरून पेन्सिल फिरवली की माणूस पुरा. सदऱ्याची पाठ अशीच कापड दुमडून कापतात म्हणे. "दोनी बाजू सारख्या याया पायजेत. नायतर गिऱ्हाईक बोंबलतं," हे त्यांचं ठाम मत.

किन्हवलीच्या बाजारात त्यांचं शिलाईचं दुकान आहे आणि त्याला लागून माझं झेरॉक्सचं. हल्ली सगळे कपडे तयारच मिळतात. त्यामुळे मास्तरांकडे ब्लाउज आणि शाळेचे गणवेश सोडले तर काम नाही आणि वेळ भरपूर. माझ्याकडे एका बाजूने वाया गेलेले कागदही भरपूर. तेव्हा गावातली चित्रकला माझ्याच जिवावर वाढली, असं म्हणायला हरकत नाही.

शिकायचं कारण त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं. "हिचं एक उभं चित्र काढायचंय. डोक्यापासून पायापर्यंत."

ही म्हणजे यमुनाकाकू, त्यांच्या सौभाग्यवती. घरात काकूंचा एकही धड फोटो नाही. मुलीच्या लग्नाच्या फोटोत त्या अर्ध्या विहीणबाईंच्या मागे आहेत, नातवाच्या बारशात पाळण्याच्या मागे. कुणी मोबाईल वर केला की त्यांना नेमकं चुलीवरचं काहीतरी आठवतं. मास्तरांनी समोर उभं राहायला सांगितलं तेव्हा म्हणाल्या, "आदी मानूस काढाय शिका, मंग बघू." मास्तरांनी ते भलतंच मनावर घेतलं.

मोबाईलवर एक मुलगी माणसं काढायला शिकवते. माणूस साडेसात डोकी उंच असतो, असं तिने सांगितलं. झालं! मास्तर गळ्यात टेप टाकून बाजारात उतरले. आधी टाळू ते हनुवटी, मग टाळू ते टाच. भाजीवाली, एसटीचा कंडक्टर, बँकेत आलेले शेणव्याचे गुरुजी, कुणाला सोडलं नाही. साडेसातात एकही बसला नाही. "तो मानूस आपल्याकडचा नाय," असा निकाल देऊन ते परत आले. पुढच्या धड्यात तिने एका मिनिटात माणूस काढायला सांगितलं. मास्तर उखडले. "एका मिन्टात काज होत नाय, मानूस कसा व्हायचा?"

समोरचा वडापाववाला भिवा हा त्यांचा हक्काचा नमुना. पहिलं चित्र बघून भिवाचा चेहरा पडला.

"मास्तर, मी येवडा जाड हाय?"

"जाड नाय रे. चारी बाजूंनी मार्जिन ठेवलीय. उद्या वाढलास तं?"

बरं, भिवा एरवी गाडीला टेकून, एका पायावर भार टाकून आरामात उभा असतो. मास्तरांना ते बघवत नसे. "सरळ उभा ऱ्हा, खांदे सारखे कर," असं आयुष्यभर म्हणत त्यांनी मापं घेतलेली. त्यामुळे चित्रातला भिवा झेंडावंदनाला आल्यासारखा ताठ. आणि कागद दुमडल्यामुळे त्याच्या दोन्ही हातांत एकेक झारा. हे चित्र मास्तरांनी दुकानात दर्शनी भागी लावलं.

शेवटी मीच वैतागलो. "मास्तर, ती घडी सोडा आता."

"घडी सोडली का मानूस वाकडा येतो."

"अहो, माणूस असतोच थोडा वाकडा."

मला वाटलं, आता भांडतील. ते कात्री पुसत बसले. मग म्हणाले, "ते मला नको सांगू. कोन कुठं वाकडा हाय ते टेलरला सगळं ठाव असतं. आपन ते झाकायचं." थोड्या वेळाने आवाज खाली आणून म्हणाले, "हिचा उजवा खांदा उतरलेला हाय. ल्हानपनी मोहाच्या झाडावरनं पडली, हाड नीट बसलंच नाय. लग्नाच्या ब्लाउजपासून त्या बाजूला आतून कापसाची पट्टी लावतोय मी. तिला ठाव नाय."

मला विहीणबाईंच्या मागे उभ्या राहिलेल्या काकू आठवल्या. फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी घडी न घालता भिवा काढला. एक खांदा खाली, भार एका पायावर, झारा एकच. भिवा खूश झाला. "हा मी हाय!" ते चित्र मास्तर घरी घेऊन गेले.

त्यानंतरच्या दुपारी वीज गेली होती. माझं मशीन बंद, म्हणून मी मास्तरांच्या पायरीवर बसलो होतो. काकू डबा घेऊन आल्या. डबा शिलाई मशीनवर ठेवला आणि दुकानाच्या दारात, उजेडात जाऊन उभ्या राहिल्या. एरवी पदर फिरवून उजव्या खांद्यावर घट्ट धरलेला असतो, तो आज सोडला होता.

"काढा," म्हणाल्या. "येतोय आता मानूस तुमाला."

मास्तरांनी कागद घेतला आणि मधोमध दुमडला.

"घडी नको," काकू म्हणाल्या. "आन् कापूस सकाळीच उसवलाय मी."

मास्तर बघतच राहिले. "तुला ठाव होतं?"

"ब्लाउज धुतंय कोन? मीच ना? तुमी येवड्या मायेनं लावायचात, म्हनून बोलले नाय. आता जशी हाय तशी काढा."

मास्तरांनी दुमडलेला कागद बाजूला ठेवला आणि माझ्याकडे न बघता हात पुढे केला. मी दुकानात गेलो, नवीन गठ्ठा फोडला आणि दोन्ही बाजूंनी कोरा असलेला कागद आणून दिला. "सरळ उभी ऱ्हा" हे शब्द काही त्या दिवशी ऐकू आले नाहीत.

ते चित्र आता दोन झाऱ्यांच्या भिवाशेजारी लावलेलं आहे. नाक जमलेलं नाही. पावलं तर इतक्यांदा खोडलीत की तिथे कागद विरलाय. पण मानेपासून खाली उतरत जाणारी उजव्या खांद्याची रेघ एका दमात काढलेली आहे. ती त्यांनी एकदाही खोडलेली नाही.