जपान म्हात्र्यांची गाडी

निडीजवळचं रेल्वेचं फाटक सताड उघडं होतं. गाडीची वेळ नव्हती, रुळाच्या कडेला एक बकरी निवांत चरत होती. तरी माझ्या भाऊजींनी फाटकाच्या अलीकडे गाडी थांबवली, काच खाली केली, डोकं बाहेर काढलं आणि कान दिला. मागे एक एसटी, दोन टेम्पो आणि वऱ्हाडाची एक जीप. त्या सगळ्यांनी मिळून हॉर्नचा असा कल्ला केला की खरोखर आगगाडी आली असती तरी ती भाऊजींना ऐकू गेली नसती. त्यांचं ऐकून झाल्यावर त्यांनी बोट लांब केलं, मोठ्याने म्हणाले, "डावं बरोबर, उजवं बरोबर!" आणि पहिल्या गिअरमध्ये गाडी सावकाश पलीकडे नेली. जीपमधला एक जण बाजूने जाताना ओरडला, "काय ओ, ड्रायव्हरला डोळं नाय काय?" मी तोवर सीटवरून इतका खाली घसरलो होतो की बाहेरून गाडीत फक्त ड्रायव्हरच दिसत असणार.

हे माझ्या सख्ख्या बहिणीचे यजमान, मधुकर म्हात्रे. राहणार रोहा. रोह्यात मधुकर म्हात्रे कोण असं विचारलंत तर कुणी सांगणार नाही, जपान म्हात्रे म्हटलंत की पोरंसोरं घरापर्यंत आणून सोडतील. भाऊजी तरुणपणी जपानला गेले. तिकडे गाड्यांचे बंपर रंगवायच्या कारखान्यात होते. बरीच वर्षं काढून, माझी भाची प्राची दहावीला असताना कायमचे परत आले. जपान हा शब्द मात्र त्यांच्या तोंडून येत नाही. ते 'तिकडं' म्हणतात. "तिकडं असं नाय चालत," हे त्यांचं पेटंट वाक्य. चहात साखर जास्त झाली, लाइट गेली, गणपतीची मिरवणूक लांबली, सगळ्यावर हेच.

आता माझा धंदा सांगतो, म्हणजे माझं दुःख कळेल. पेणला रामवाडीत हायवेच्या कडेला माझं गाडीच्या सजावटीचं दुकान आहे. सीट कव्हर, लायटिंग, स्टिकर, आणि मुख्य म्हणजे हॉर्न. माझ्याकडचा हॉर्न वाजला की पुढचा माणूस आपोआप गटारात उतरतो, असं गिऱ्हाईक कौतुकाने सांगतं. आणि माझे सख्खे भाऊजी हॉर्नला हात लावत नाहीत. एकदा पेणच्या बाजारात पापडवाल्याच्या हातगाडीमागून ते तिच्या चालीने, मुकाट, थेट त्या माणसाच्या घरापर्यंत गेले. पापडवाला दार उघडताना मागे वळून म्हणाला, "तुम्ही आमच्याकडंच आलावता काय?"

एकदा मी त्यांना लाल-काळी रेक्झिनची कव्हरं फुकट बसवून देत होतो. नको म्हणाले. तिकडच्या टॅक्सीत पांढरी लेसची कव्हरं असतात, तशी त्यांनी माझ्या ताईकडून क्रोशाने विणून घेतली. मग ती मळू नयेत म्हणून माणसं झटकून आत घ्यायची. चपला दाराशी काढून पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवायच्या. आमच्या एका मावसआत्याने देवळात जाताना काढते तशा चपला रस्त्यावरच काढल्या, आणि नागोठण्यात उतरताना तिला आठवलं की त्या पेणलाच राहिल्या.

कुणी वाट दिली की भाऊजी दोन्ही बाजूचे पिवळे दिवे लुकलुकवतात. तिकडं तो थँक्यू असतो म्हणे. इकडे तो गाडी बंद पडल्याचा असतो. रामवाडीचा एक मेकॅनिक त्यांना मदत करायला पार हमरापूरपर्यंत स्कूटरवरून मागे गेला होता. आणि गाडीत बसण्याआधीचा सोहळा तर विचारूच नका. आधी गाडीभोवती एक प्रदक्षिणा. मग पुढून गुडघ्यावर बसून खाली बघायचं, मग मागून. "खाली बरोबर!" बाजारात ते असे वाकले की आजूबाजूचे चार जण पण वाकतात, पाचवा येऊन विचारतो काय पडलं, आणि सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळतात, कारण तोवर भाऊजी आरसे नीट करण्यात गढलेले असतात. मी काय सांगणार? मी काहीतरी हरवल्यासारखं तोंड करून उभा राहतो.

लाज वाटायची हो. अगदी सरळ सांगतो, चारचौघांत या माणसाचा मेव्हणा म्हणून उभं राहायची मला लाज वाटायची. फक्त एका गोष्टीने मी ती गिळत होतो. वाटायचं, माणूस एवढी वर्षं तिकडच्या गुळगुळीत रस्त्यांवर गाडी हाकून आलाय, त्याला आपली रीत कशी पचणार? लोकांनाही मी हेच ऐकवायचो.

तर प्राचीचं लग्न काढलं. स्थळ मीच आणलं. खांब गावचे बबन पाटील माझे जुने गिऱ्हाईक, त्यांच्या टेम्पोला तीन सुरांचा हॉर्न मीच बसवलेला. त्यांचा रोहित जपानला नोकरीला, सुट्टीवर आलेला. मला वाटलं, सोन्याहून पिवळं झालं. जपानचा जावई, जपानचे सासरे, दोघं बसतील गप्पा मारत. प्राची आणि रोहित आधीच फोनवर बोलले होते आणि प्राचीचा चेहरा बघून पुढचं विचारायची गरज नव्हती. रविवारी पाटील मंडळी रोह्याला आली. ताईने पोहे केले, ओल्या नारळाची बर्फी केली. मी मध्यस्थ म्हणून नवा शर्ट घालून मधल्या खुर्चीवर बसलो.

भाऊजींनी पोरालाच थेट विचारायला सुरुवात केली.

"तिकडं कुठं राहता?"

"डोंगराच्या पायथ्याला गाव आहे, काका. कारखान्याजवळ."

"स्टेशन?"

"सायकलने पाऊण तास."

"बस?"

"आहे ना. पण कमी असतात."

"थंडीत बर्फ?"

"खूप."

"गाडी घेतली?"

"घ्यायची आहे."

"लायसन हाय?"

रोहित जरा चुळबुळला. "इथून नेलेलं वर्षभर चाललं, काका. आता तिकडची परीक्षा द्यावी लागते. दोनदा दिली."

"मग?"

"नाही झालो पास," रोहित खाली बघत म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

मी हसून विषय बदलायला गेलो. म्हटलं, भाऊजी, पोहे गार होतायत. भाऊजींनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, "पोरगा चांगला हाय. पण लायसन मिळंपर्यंत मी मुलगी नाय द्यायचा."

प्राची "बाबा!" म्हणाली आणि तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. बबन पाटलांनी हातातली बशी खाली ठेवली. आयुष्यात मला इतकं ओशाळं कधी वाटलं नव्हतं. जमीन फाटेल तर बरं, असं म्हणतात ते खरं असतं, मी पायाखालच्या फरशीकडे बघतही होतो. लोक पगार विचारतात, शेती विचारतात, पोराला व्यसन आहे का विचारतात. लायसन कोण विचारतं?

"म्हात्रे," पाटील उठत म्हणाले, "तुम्ही तिकडं इतकी वर्षं गाडी उडवलीत, म्हणून दुसऱ्याच्या पोराला असं चारचौघांत पाडून बोलायचं काय? सगळ्यांना नाय जमत पहिल्या झटक्यात."

"बसा," भाऊजी म्हणाले. "मी तिकडं एक दिवस गाडी नाय चालवली."

पाटील उभेच राहिले. मीही खुर्चीतून उठलो.

"पहिल्या वर्षी गाडी घ्यायला पैसा नव्हता. मग हिला आणायचं ठरलं, तवा परीक्षेला बसलो. एकदा गाडीखाली वाकून बघायचं राहिलं. नापास. एकदा मान वळवली, पण त्या परीक्षा घेणाऱ्याला ती वळलेली दिसली नाय. नापास. फाटकावर थांबलो, कान नाय दिला. नापास. किती वेळा गेलो, त्या हापिसातली बाई मला नावानं ओळखाय लागली." भाऊजी हसले, पण कुणी साथ दिली नाही. "अजून गाडीत बसलो की वाटतं, बाजूला तो बसलाय. गुण कापतोय."

मी आत्तापर्यंत गावभर सांगत आलेलं सगळं माझ्या तोंडात कडू झालं.

"सगळीकडं भाताची खाचरं, मधे आमची खोली," भाऊजी रोहितला सांगत होते, आता फक्त त्यालाच. "वाटतं पेणलाच आलोय. पण गाडी नसंल तर तिकडं बाईमाणूस कुठं जानार? मी दिवसभर कामावर. ही खिडकीत. प्राची पोटात होती. ही दवाखान्यात बर्फातून चालत गेली, मी बाजूनं छत्री धरून. दिवसाला एवढ्या गाड्यांचे बंपर माझ्या हाताखालून जायचे, आन माझ्या बायकोला मी छत्रीतून नेत होतो. तुझं तसं नको व्हायला. एवढंच म्हणनं हाय माझं."

पाटील बसले. मग रोहित खालच्या आवाजात म्हणाला, "काका, माझं ते अरुंद वळणावर अडतं. काटकोनात. मागचं चाक कडेवर चढतं."

"सगळ्यांचं चढतं," भाऊजी म्हणाले. "सुट्टी किती राहिली?"

"दोन आठवडे."

"सकाळी ये. मैदानावर विटा मांडून ठेवतो."

पाटलांनी सुस्कारा सोडला आणि बशी पुन्हा हातात घेतली. प्राची डोळे पुसत हसली. बर्फी वाटली गेली, मंडळी हसतखेळत निघाली. रोहितने निघताना भाऊजींना वाकून नमस्कार केला, मग तिकडच्या रीतीने कमरेतून वाकला, आणि भाऊजीही त्याच्यासमोर तेवढेच वाकले. प्राची त्यांना सोडायला गेटपर्यंत गेली. स्थळ हातचं जाता जाता राहिलं म्हणून मी सुटकेने खुर्चीत टेकलो आणि गार झालेला चहा घेतला.

ताई मात्र स्वयंपाकघराच्या दारातून हलली नव्हती. मी तिला पहिल्यापासून तिथे उभी पाहिली होती. आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं की ताईला तिकडची हवा मानवली नाही. बाळंतपणाला म्हणून माहेरी पेणला आली ती परत गेलीच नाही. भाऊजी वर्षाकाठी एकदा येत, खेळणी आणत, जात. आईने तिला समजावलं, वडील रागावले, ती एका शब्दाने काही बोलली नाही.

"तुम्ही मला सांगितलंवतं, गाडी कंपनीची हाय," ती म्हणाली. "बायकामाणसांना बसवायला परवानगी नाय."

"व्हय गो. खोटं सांगितलं."

"शेजारच्या बाया नवऱ्याच्या बाजूला बसून बाजारला जायच्या. मी खिडकीतून बघायची."

"तुला काय सांगू, नापास झालो? सारखाच नापास होतो?" भाऊजी फरशीकडे बघत म्हणाले. "लाज वाटायची."

ताईने पदराने हात पुसले. ते कोरडेच होते.

"मला वाटलं, तुम्हाला माझी लाज वाटते," ती म्हणाली. "माझी साडी, माझं असं बोलणं. चारचौघांत न्यायला नको म्हणून गाडीचं निमित्त करताय. म्हणून आले मी निघून. म्हटलं, मी नसले तर तरी हा माणूस मान वर करून फिरंल."

भाऊजींनी फरशीवरून मान वर केली.

"तुझी?" ते म्हणाले. मग पुन्हा, "तुझी, सुमन?"

ताईला नावाने हाक मारताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. मी कप खाली ठेवला आणि आवाज न करता बाहेर निघून गेलो.