ब्रेक मारू नका, लावा

आमच्या महाल भागातले ढोबळे सर कुणालाही ‘ब्रेक मारला’ असं म्हणू देत नसत. “ब्रेक काय माशी आहे मारायले? लावतात गा! मलम लावतात तसा.” सर शाळेत विज्ञान शिकवत. मी त्यांचा शेजारी, वर्तमानपत्रात वार्ताहर. माझ्या एका बातमीतला ‘करकचून मारलेला ब्रेक’ त्यांनी मला भर रस्त्यात अडवून दुरुस्त करायला लावला होता.

माझ्या स्कूटरवर मागे बसले की चौक दिसण्याआधीच ओरडत, “लाव, लाव! गाडी थांबते, माणूस थांबत नाही!” एकदा सायकलवरच्या एका आजोबांनी आम्हाला मागे टाकलं आणि वळून विचारलं, “पेट्रोल संपलं का गा?”

गांधीबागेच्या बाजारात एका पोहेवाल्याच्या हातगाडीपुढे बकरी आली. गाडी थांबली, तर्रीचं पातेलं थांबलं नाही. लालभडक रस्सा थेट कापडदुकानातल्या पांढऱ्या ताग्यावर. सर माझ्या स्कूटरवरून टाळ्या पिटत उतरले. “पहिला नियम! गतीतली वस्तू गतीतच राहते!”

“मास्तर,” दुकानदार म्हणाला, “तुमचा नियम माह्याच थानावर काहून?”

घरी त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, ऐकवत, “गाडीले ब्रेक लावता, तोंडाले कवा लावान?”

मग काकूंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. टाके ओले होते. घरी नेताना हिसका बसला तर डोळा जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं. सायकलरिक्षा आली. सरांनी रिक्षावाल्याला जडत्व समजावायला घेतलं.

“बसा जी मास्तर. शिकत राहिलो तं इथंच संध्याकाळ होईन.”

सर सीटवर बसले नाहीत. पायदानावर, काकूंकडे तोंड करून उलटे बसले आणि त्यांच्या कपाळासमोर बोटभर अंतरावर तळहात धरला. मी स्कूटरवरून मागे होतो. वाटभर सरांची नजर काकूंच्या डोळ्यावरच्या पट्टीवर होती.

गल्लीच्या तोंडाशी कुत्रं आडवं गेलं. रिक्षावाल्याने ब्रेक मारला. इथे दुसरा शब्द चालणार नाही. सरांची पाठ पुढच्या दांडीवर आदळली. काकूंचं डोकं पुढे आलं आणि त्यांच्या तळहातावर अलगद टेकलं. पट्टी जागची हलली नाही.

“काहून जी,” पट्टीआडून काकू म्हणाल्या, “आज नियम नाही सांगितला?”

सरांनी हात तसाच धरून ठेवला.

रिक्षा दारात थांबली. शेजारीपाजारी ओट्यावर आले.

“आता तरी हात काढा,” काकू पुटपुटल्या. “लोक पाहून राहिले.”

“थांब वं,” सर म्हणाले. “स्थिर वस्तू स्थिरच राहते.”