'अजून ठरलं नाही'चा कोपरा

रोस्टरच्या, म्हणजे खिमा गरम ठेवायच्या विजेच्या मोठ्या भांड्याच्या, पोटाशी हरभऱ्याएवढा एक तांबडा दिवा होता. आतला खिमा तापेपर्यंत तो पेटलेला राहायचा आणि हवा तेवढा तापला की विझायचा. निदान कंपनीने तसं ठरवलं होतं. प्रत्यक्षात विझण्याआधी तो दोन-तीनदा डोळे मिचकावायचा, विझू की नको अशा पेचात पडल्यासारखा. आर्डिस ट्वाइटला त्या दिव्याबद्दल आपुलकी वाटे. तिची सारी नोकरी गावातल्या शाळेत रसायनशास्त्र शिकवण्यात गेली होती, आणि काटा स्थिर झाल्याशिवाय आकडा लिहायचा नाही, हे तिने मुलांच्या पिढ्यान्‌पिढ्यांना बजावलं होतं.

"विझला का?" व्हर्लिनने कोट चढवता चढवता विचारलं.

"विचार करतोय."

"म्हणजे तुझ्यावरच गेलाय. ऑक्टोबरपासून विचारतोय, तरी आपलं 'अजून ठरलं नाही'. अगं, जानेवारी आली. तास-दीड तासात कॉकस सुरू होईल."

"मग तेवढा वेळ आहे अजून," आर्डिस म्हणाली.

व्हर्लिन हसला. कॉकस म्हणजे राष्ट्राध्यक्षपदासाठी पक्षाचा उमेदवार निवडायची वॉर्डाची सभा; तिथे चिठ्ठी टाकायची नसते, आपल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात उभं राहून मोजलं जायचं असतं. बायको आपल्याच बाजूला उभी राहणार याबद्दल त्याला शंका नव्हती. त्याला कशाबद्दलच शंका नसे. निवृत्त होईपर्यंत त्याने काउंटीच्या रस्त्यांवरचा बर्फ काढला होता. त्या गाडीच्या उंच खुर्चीत एकट्याने बसून बसून त्याची जगातल्या प्रत्येक विषयावर मतं तयार झाली होती. लढाई कशी जिंकावी, प्राप्तिकर कुणी भरावा, राष्ट्राध्यक्ष कुणाला करावं, सगळ्यावर. पूर्वी ती मतं न्याहारीपुरती असत. कारीची तुकडी तिकडे वाळवंटातल्या लढाईवर गेली, तेव्हापासून ती दिवसभर चालू असत. कारी त्यांची एकुलती एक मुलगी, नॅशनल गार्डमध्ये, म्हणजे राखीव सैन्यात, परिचारिका. रेडिओ बंद केला तरी व्हर्लिन बंद होत नसे, आणि आर्डिसला त्यामागचं कारण ठाऊक होतं. घर शांत झालं की कारीच्या खोलीचं दार दिसायला लागे.

"आजचा बेत ऐक," तो म्हणाला. "लोक कॉकसला कशाला येतात? देशासाठी? मुळीच नाही. थंडीत घरी कंटाळा येतो म्हणून. आपण सेनेटरच्या कोपऱ्यात हा रोस्टर लावायचा. गरम खिमा, मऊ पाव, वर लोणच्याची चकती. माणूस खायला आला की तिथेच उभा राहिला. उभा राहिला की मोजला गेला! त्या बियाणंवाल्या लोरेनच्या कोपऱ्यात काय असणार? जाहिरातीची पेनं."

"आणि गव्हर्नरबाईंच्या?"

"गाजराच्या कांड्या. गाजर खाऊन कुणी निवडणूक जिंकलेली नाही."

व्हर्लिन आपल्या वॉर्डात सेनेटरचा मुख्य कार्यकर्ता होता. 'आमचा वॉर्ड खिशात आहे' असा शब्द त्याने वरच्या पुढाऱ्यांना दिलेला होता, आणि तोही सगळ्या कॅफेला ऐकू जाईल अशा आवाजात. सेनेटर म्हणत होते, काम अर्धवट टाकून सैन्य परत आणायचं नाही. व्हर्लिनला ते पटायचं. पटवून घ्यावंच लागायचं. नाहीतर कारी तिकडे कशासाठी गेली, या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर उरत नव्हतं.

आणि नेमकं हेच आर्डिसच्या घशात अडकलं होतं. तिचं ठरलेलं होतं. ऑक्टोबरातच ठरलं होतं. गव्हर्नरबाई सैन्य परत आणा म्हणत होत्या. पण ते घरात उच्चारणं म्हणजे नवऱ्याने ज्या खुंटीवर स्वतःला टांगून घेतलं होतं तीच उपटण्यासारखं होतं. म्हणून ती 'अजून ठरलं नाही' म्हणत राहिली. रविवारी फोनवर कारीने सरळच विचारलं होतं, "आई, कॉकसला टपालाने मत देता येत नाही. मी तिथे नसले की मी मोजलेच जात नाही. माझ्या वतीने तू उभी राहशील? कुठे ते तू ठरव. पण मोठ्याने बोल, तुझ्या त्या प्रयोगशाळेतल्या आवाजात नको."

आर्डिस हो म्हणाली होती. प्रयोगशाळेतल्याच आवाजात.

शाळेच्या व्यायामशाळेत पाय ठेवायला जागा नव्हती. चार कोपऱ्यांत चार पाट्या होत्या. गुणफलकाखाली सेनेटर, बाकांपाशी गव्हर्नरबाई, दाराशी डॉक्टर. या डॉक्टरांनी दवाखाना सोडून करपद्धतीवर इलाज करायचं मनावर घेतलं होतं. चौथ्या कोपऱ्यात कुस्तीच्या गाद्यांच्या ढिगावर एक तिरकी पाटी टेकवलेली: 'अजून ठरलं नाही'. तिथे चिटपाखरू नव्हतं. कुंपणावर बसायला सगळ्यांना आवडतं, पण कुंपणावर बसलेलं दिसायला कुणालाच आवडत नाही.

व्हर्लिनने रोस्टर गुणफलकाखाली नेला, बाही सारली आणि प्लग खोचला.

गुणफलकाचा भोंगा वाजला. साधासुधा नाही, सामना संपल्याचा. फलकावर पाहुण्या संघाला अठ्ठ्याऐंशी गुण मिळाले आणि अर्ध्या व्यायामशाळेतले दिवे गेले.

"कोण आहे तो गाढव?" अंधारातून शाळेचा सफाई कामगार फ्लॉइड ओरडला.

"सेनेटरचा माणूस आहे," लोरेन ह्रुस्काने तत्परतेने माहिती पुरवली. लोरेन बियाणं विकायचा. तो डॉक्टरांच्या बाजूचा होता, आणि तिसरीत असल्यापासून व्हर्लिनच्या विरुद्ध बाजूचा. "अजून निवडून आले नाहीत तोवर गावाची वीज घालवली."

फ्लॉइडने दिवे आणले आणि दम दिला. "एवढा लोड या तारेवर नाही चालणार. एकच सॉकेट आहे तसलं. तिकडे, गाद्यांपाशी."

"पण ते तर..." व्हर्लिन पाटीकडे बघून म्हणाला.

"मग थंड खा."

थंड खिमा हा काही प्रचार नव्हे. रोस्टर गाद्यांपाशी गेला. व्हर्लिन काही हार मानणारा गडी नव्हता. त्याने सेनेटरचे बिल्ले खिशात भरले आणि तोही रोस्टरशेजारी उभा राहिला. बेत असा, की पाव खिमा भरून हातात द्यायचा, बिल्ला छातीवर लावायचा आणि गुणफलकाकडे बोट दाखवायचं. "खाऊन झालं की तिकडे जायचं हं," तो प्रत्येकाला सांगू लागला. प्रत्येकजण मान डोलावत होता. तोंडात घास असला की माणूस कशालाही मान डोलावतो. आणि एक पाव संपला की दुसरा घ्यायला तिथेच थांबतो.

आर्डिस झाऱ्याने खिमा वाढत होती. दिवा मिचकावत होता. वास व्यायामशाळाभर पसरला, तसे गाजरवाले रेंगाळत आले, पेनवाले आले, सेनेटरचे कार्यकर्तेही आले. आधी पोटोबा!

तेवढ्यात शिट्टी वाजली.

शाळेच्या बँडला शिकवणारी ग्वेंडा ब्रांट सभेची अध्यक्ष होती. तिच्या शिट्टीवर बँडची शंभर पोरं जागच्या जागी थांबत. "वेळ संपली. जो जिथे आहे तो तिथेच. आता मोजणी."

"थांब, थांब," व्हर्लिन पाव हातात घेऊन म्हणाला. "आम्ही इथे खायला आलोय. आमचा कोपरा तिकडे आहे."

"व्हर्लिन, मागच्या वेळी मोजणी चालू असताना माणसं इकडून तिकडे पळत होती, म्हणून महिन्याभरापूर्वी कुणी ठराव मांडला होता? मत विचारायचं नाही, बिल्ला बघायचा नाही, फक्त पाय कुठे आहेत ते बघायचं. कुणी मांडला होता?"

व्हर्लिनने लोणच्याची चकती गिळली. "मी."

"एकमताने मंजूर झाला होता."

"मीच अनुमोदन दिलं होतं," लोरेन म्हणाला. बोलल्यावर त्याने खाली बघितलं. त्याचे स्वतःचे बूटही गाद्यांच्या कडेला होते, आणि हातात दुसरा पाव होता.

मोजणी झाली. सभेचे दोन तृतीयांश लोक 'अजून ठरलं नाही' या पक्षाचे निघाले. गव्हर्नरबाईंच्या कोपऱ्यात गाजरांवर निष्ठा असलेली थोडी माणसं टिकून होती. गुणफलकाखाली सेनेटरची तीन माणसं राहिली होती. त्यांतल्या एकाला पथ्यामुळे मांस वर्ज्य होतं आणि दुसऱ्याला वासच येत नव्हता. तिसरा झोपला होता. डॉक्टरांच्या पाटीखाली नुसती पेनं उरली होती.

"हजर असलेल्यांच्या पंधरा टक्के माणसं नसतील, तर तो गट बाद," ग्वेंडाने वाचून दाखवलं. "सेनेटर बाद. डॉक्टर बाद. आता अर्धा तास समजूत घालायला. मग दुसरी आणि शेवटची मोजणी. त्यात उरलेल्या कोपऱ्यांत कुठेही जाता येईल."

व्हर्लिन गादीवर बसला. ज्याच्या खिशात अख्खा वॉर्ड होता, त्याच्या खिशात आता नुसते बिल्ले होते.

पण त्या अर्ध्या तासात एक गोष्ट घडली. गेल्या कित्येक निवडणुकांत ही माणसं आपापल्या कोपऱ्यातून एकमेकांकडे नुसती डोळे वटारून बघत आली होती. आज ती एकाच भांड्याभोवती, खांद्याला खांदा लावून उभी होती, आणि कुणीच अधिकृतपणे कुणाचं नव्हतं.

"ऐक, लोरेन," व्हर्लिनने जरा दम धरून सुरुवात केली. "कर म्हणजे काय? कर म्हणजे माझी बर्फाची गाडी. तू कर नको म्हणतोस ना? मी तुझ्या दारापुढे आल्यावर फाळ वर उचलायला हवा होता."

"उचलायचासच की. दर हिवाळ्याला. माझ्याच दारात ढिगारा टाकायचास."

"तो वाऱ्याने यायचा."

"मी कर नको म्हणत नाही. हिशेब सोपा करा म्हणतो. प्राप्तिकराचा सगळा हिशेब एका पोस्टकार्डावर मावला पाहिजे."

"तुझं उत्पन्न तर तिकिटामागेही मावेल."

लोरेन हसला. सगळेच हसले. मग हसणं ओसरल्यावर लोरेनने पाव खाली ठेवला. "कारी कशी आहे?" त्याने विचारलं. "खरं सांगतो, तुला विचारायचं मनात असतं. पण तू लगेच लढाईवर सुरू होतोस, आणि मग कारी राहूनच जाते."

व्हर्लिन बोलायला तोंड उघडून बसला.  आर्डिसचा झारा हातातच राहिला. इतक्या वर्षांत नवऱ्याचं तोंड उघडं आणि आवाज बंद, हे तिने फक्त दंतवैद्याकडे पाहिलं होतं.

"बरी आहे," तो अखेर म्हणाला. "फोनवर हवापाणी विचारते. मी तिला लढाई समजावून सांगतो." त्याने खिशातले बिल्ले चाचपले. "ती तिथे आहे, आणि मी तिला समजावून सांगतो. सेनेटरांचं बरोबर असायलाच हवं, लोरेन. नसेल तर... ते मला माहीत नाही. खरं म्हणजे ती गेल्यापासून मला काहीच नक्की माहीत नाही. ग्वेंडाने बरोबर मोजलं. माझे पाय बरोबर कोपऱ्यात आहेत."

लोरेन गादीवर त्याच्या शेजारी टेकला. त्याने व्हर्लिनला एक पेन दिलं. दुसरं काही त्याच्याकडे नव्हतं.

"पाच मिनिटं," ग्वेंडा म्हणाली.

गर्दी रोस्टरकडे वळली. यातल्या निम्म्यांना आर्डिसने आम्ल आणि अल्कली शिकवलं होतं, आणि तिने उत्तर सांगेपर्यंत वहीत काही न लिहिण्याची त्यांची सवय गेली नव्हती. "तुम्ही कुठे जाणार, बाई?" कुणीतरी विचारलं. "रोस्टर जाईल तिकडे आम्ही."

आर्डिसला हे मुळीच आवडलं नाही. खिम्याच्या वासाने ठरलेली निवडणूक म्हणजे गळक्या नळीतून घेतलेलं माप. तिने प्लग काढला. दोन्ही कानांना धरून रोस्टर उचलला आणि गर्दीतून वाट काढत व्यायामशाळेच्या मध्यावर नेला. जिथून सामना सुरू होतो त्या रंगवलेल्या वर्तुळाच्या नेमक्या मध्यबिंदूवर तिने तो ठेवला आणि झाकण घट्ट लावलं.

"आता हा कुणाचाच नाही," ती म्हणाली. "मोजणी झाल्यावर उघडेन."

तांबडा दिवा केव्हाच विझला होता. तिने ॲप्रनची गाठ सोडली, घडी घातली आणि झाकणावर ठेवली. समोर गुणफलकावर पाहुणे अजून अठ्ठ्याऐंशी गुणांनी पुढे होते. गाद्यांवरून व्हर्लिन तिच्याकडे बघत होता. तो उठला आणि कडेपर्यंत आला. पण पाय गाद्यांच्या आतच ठेवले. ठराव त्याचाच होता.

"आर्डिस," तो हळूच म्हणाला, "तुझं ठरलं होतं ना? कधीचंच?"

"ऑक्टोबरपासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलत होतास."

लोरेनला खोकला आला. व्हर्लिनने त्याच्याकडे बघितलंही नाही. हातातलं पेन त्याने खिशात ठेवलं, बिल्ल्यांच्या शेजारी.

"आता गप्प आहे," तो म्हणाला. "बोल."

आर्डिसने मोठा श्वास घेतला. मागच्या बाकापर्यंत पोचेल असा. तसा तिने कधी वर्गातसुद्धा घेतला नव्हता.

"मी गव्हर्नरबाईंकडे चालले आहे. माझी माणसं दोन मोज, ग्वेंडा. मी आणि कारी."

"बाई, कारीचे पाय इथे नाहीत," ग्वेंडा ओशाळून म्हणाली. "ठराव आहे."

"ठाऊक आहे. मोजता येत नाही म्हणूनच मोठ्याने सांगितलं."