तोंडपाठ तक्ता

आमच्या परबबाई माणसाला "बरं आहे ना?" असं कधी विचारत नाहीत. दूरवर कुठेतरी बोट दाखवतात आणि म्हणतात, "सर, त्या टॉवरच्या पत्र्यावर काय लिहिलंय, वाचा बघू." नायगावात सध्या जिकडे तिकडे बांधकाम, त्यामुळे वाचायच्या पाट्यांना तोटा नाही. मी वाचतो. बाई समाधानाने मान हलवतात आणि लगेच पुन्हा काळजीत पडतात. "आज वाचलंत. उद्याचं कोणी बघितलंय?"

मी तिसरीला, बाई दुसरीला. आमचे वर्ग शेजारी शेजारी, म्हणून त्यांच्या काळजीचा अर्धा वाटा माझ्याकडे येतो. जंताच्या गोळीचा दिवस तर विचारूच नका. गोळी दिली की बाकीच्या शिक्षकांचं काम संपतं, बाईंचं तिथून सुरू होतं. "आ कर. जीभ वर. आता गालात बघू." एकदा एका पोराच्या गालातून पेरूची बी निघाली, तर ती कधीपासून तिथे आहे याची चौकशी पंधरा मिनिटं चालली. लस टोचताना सुई जाते मुलाच्या दंडात आणि "आई गं" म्हणतात बाई.

डोळ्यांच्या तपासणीचं मात्र त्यांनी फारच मनावर घेतलं होतं. मुलं डॉक्टरांसमोर बावरतात, येत असलेलं अक्षरही विसरतात, म्हणून बाईंनी जूनमध्येच अक्षरांचा तक्ता आणून वर्गात लावला. "सवय होऊ दे पोरांना," म्हणाल्या. सवय झाली. मला रोज भिंतीपलीकडून बेचा पाढा आणि पाठोपाठ त्याच चालीवर "ग ठ र म, न प ल व" ऐकू यायचं. मला वाटलं, नवीन कविता असेल.

डॉक्टर आले. त्यांच्याकडेही नेमका तोच तक्ता. अख्खा वर्ग पास झाला. "वर्ग एकदम फिट आहे हं, बाई," ते खुशीत म्हणाले. बाईंचा चेहरा मात्र उतरला. श्रावणी नावाच्या मुलीने शेवटची ओळ डॉक्टरांची काठी तिथे पोचायच्या आधीच म्हणून टाकली होती.

"डॉक्टर, परत घ्या. यांचं पाठ आहे हे. माझीच चूक."

"अहो बाई, मला दोन वाजता दुसरी शाळा आहे."

परबबाई दारात जाऊन उभ्या राहिल्या. अंगाने किरकोळ, पण त्या दिवशी त्यांना ओलांडून जायची डॉक्टरांची छाती झाली नाही. मी माझ्या वर्गातलं कॅलेंडर काढून आणलं आणि उलटसुलट आकडे दाखवत तपासणी पुन्हा सुरू झाली. श्रावणीचा डावा डोळा झाकला, तिने आकडे घडाघडा वाचले. उजवा झाकला आणि तिने मान पुढे काढली. मग कॅलेंडरकडे बघत हळूच म्हणाली, "ग ठ र म."

कोणी हसलं नाही.

तिची आई बाजारात मासळी विकते. तिला पटेना. "टीव्हीवरचं बारीक बारीक वाचते की ती, बाई."

"दोन्ही डोळ्यांनी वाचते हो. एकेकाने बघितलंय कधी?"

बाई दोघींना घेऊन हॉस्पिटलात रांगेला उभ्या राहिल्या. चष्मा मिळाला. शिवाय चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी लावायची, म्हणजे डावा डोळा आळस सोडून कामाला लागेल. पोर सात वर्षांची. आत्ता केलं तर होईल, उशीर झाला तर कठीण, असं तिथे सांगितलं. तेव्हापासून बाईंचा डबा अर्धा परत जाऊ लागला, कारण श्रावणी पट्टी लावेना. पोरं तिला "एकडोळी" म्हणून चिडवायची आणि पट्टी बाकाखाली सापडायची. बाईंनी समजावलं, रागावून बघितलं, हात जोडले. उपयोग शून्य.

मग एका सोमवारी परबबाई स्वतःच्याच डाव्या डोळ्यावर पट्टी लावून आल्या. "मी आणि श्रावणी, दोघी लावणार," त्यांनी वर्गाला सांगितलं. चिडवणं दोन दिवसांत थांबलं. श्रावणी पट्टी लावून ऐटीत बसू लागली.

मला कौतुक वाटलं आणि धास्तीही. बाई तशाच फळ्यावर लिहीत, जिना उतरत, भर रहदारीत रस्ता ओलांडत. मी गंमत म्हणून एक डोळा झाकून चहा ओतायला गेलो, तर निम्मा टेबलावर. मधल्या सुट्टीत न राहवून विचारलं, "बाई, तुम्ही अडखळत कशा नाही हो?"

बाई वह्या तपासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "या डोळ्याने मला दिसतच नाही, सर. लहानपणापासून. कोणी तपासलंच नाही. कळलं तेव्हा मी नववीत होते."

वीस वर्षं मी या बाईंबरोबर डबा खातोय. मला स्वतःची लाज वाटली.

"श्रावणीला सांगू नका हं," त्या म्हणाल्या. "मलाही त्रास होतो असं समजून लावते ती."

तेवढ्यात श्रावणीच पट्टी सावरत टेबलाशी आली. "बाई, तुम्हाला पण त्रास होतो ना?"

"होतो गं बाळा," बाई म्हणाल्या. "फार होतो."

आणि हे काही त्या तिची समजूत घालायला बोलत नव्हत्या.