कपाट जिथे आहे तिथेच

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. कुठलंही काम माझ्या हातात द्या आणि निर्धास्त झोपा! नियोजन म्हणजे माझ्या डाव्या हाताचा खेळ. ऑफिसच्या सहली, साहेबांचा निरोपसमारंभ, शेजाऱ्यांच्या मुलीचं लग्न, सगळं मीच पार पाडलंय. लग्नात वरपक्ष चुकून दुसऱ्याच हॉलमध्ये जेवून गेला, पण तो दोष हॉलवाल्याचा. त्यामुळे सासऱ्यांच्या घराची पाहणी करायला पुरातन वास्तू खात्याच्या मॅडम येणार असं कळलं, तेव्हा मी बायकोला छातीठोकपणे म्हणालो, "तू काळजी सोड. मी आहे ना!"

"म्हणूनच काळजी वाटते," ती म्हणाली.

सासऱ्यांचं घर म्हणजे गावाबाहेर, टेकडीवर एकटंच उभं असलेलं दगडी प्रकरण. ते बांधलं बायकोच्या पणजोबांनी. लाकडाच्या व्यापारात त्यांनी चार पैसे गाठीला बांधले आणि मग डोक्यात एकच वेड घेतलं. जोडी! डावीकडे मनोरा, तर उजवीकडेही मनोरा. एका खिडकीच्या जोडीला दुसरी खिडकी हवीच. आतून भिंत आडवी आली आणि खिडकी बसेना, तर त्यांनी बाहेरून ती भिंतीवर रंगवून घेतली, गजांसकट, अर्धवट उघड्या झडपेसकट! दारांचंही तेच. एक दार खरं, शेजारचं खोटं. खोट्याला कडी आहे, मूठ आहे, सगळं आहे, फक्त मागे भिंत आहे. लग्नानंतर पहिल्यांदा त्या घरी गेलो तेव्हा मी मोठ्या रुबाबात एक दार उघडायला गेलो आणि मूठ हातात घेऊन परत आलो.

एवढी सगळी जुळवाजुळव करताना पणजोबा एक गोष्ट विसरले. जिना! थट्टा नाही करत. घर उभं राहिलं, पाहुणे जमले, वरचा मजला दाखवायची वेळ आली आणि तेव्हा सगळे छताकडे बघत उभे राहिले. मग कितीतरी दिवस अख्खं कुटुंब शिडी चढून झोपायला जायचं. पुढे जिना झाला, पण आत जागाच उरली नव्हती म्हणून तो मागच्या अंगाला बाहेरून चिकटवला. निदान घरात तरी असं सांगतात. बाहेरचं कुणी विश्वास ठेवत नाही.

पण या घराण्याची खरी रीत वेगळीच आहे. इथे कधी काही दुरुस्त करत नाहीत. समोर काहीतरी ठेवतात! ओल आली, लाव तसबीर. तडा गेला, सरकव कपाट. फरशी फुटली, टाक सतरंजी. मी एकदा सासऱ्यांना विचारलं होतं, "बाबा, गवंड्याला बोलवू का?" तर ते दुखावलेच. म्हणाले, "गवंडी? आपल्याकडे? समोर काहीतरी ठेवा की!"

आता या वेळी मामला गंभीर होता. टेकडीच्या पलीकडे दगडाची खाण आहे आणि ती दरवर्षी थोडी थोडी अलीकडे सरकतेय. घर 'संरक्षित' ठरलं तर खाण तिथेच थांबणार. नाही ठरलं तर घर जाणार, आणि बाबा येणार आमच्या दोन खोल्यांत, त्यांच्या प्रचंड कपाटासकट! बाबा आले तर मला आनंदच आहे, हे मी बायकोसमोर नेहमी म्हणतो. पण खरं सांगायचं तर मला बाबांचीच जास्त धास्ती वाटत होती. ते आमच्याकडे एक रात्र जरी राहिले तरी सकाळी त्यांचा चेहरा उतरलेला असायचा. त्या घराबाहेर त्यांना झोपच लागत नाही.

पाहणीच्या दिवशी भल्या सकाळी आम्ही पोचलो. मी घरभर फेरी मारली. तडे भरपूर आणि झाकायला काही नाही! घरातलं निम्मं सामान वाळवीनं फस्त केलं होतं. उरलं होतं काय? पणजोबांची एक भली मोठी तसबीर, मिशांचे आकडे वळलेले, नजर अशी की आपलंच काहीतरी चुकलंय असं वाटावं. आणि जेवणघरातलं ते सागवानी कपाट. ते बाबांच्या जन्माआधीपासून तिथून तसूभर हललं नव्हतं.

"काही हरकत नाही," मी म्हणालो. "मॅडम एका वेळी एकच खोली बघणार ना? मग तसबीरही एकच पुरे!"

माझा मेहुणा, ज्याला आम्ही पहिलवान म्हणतो, त्यानं डोकं खाजवलं. मी समजावलं. खोल्यांच्या मागून एक अरुंद बोळ जातो. मी मॅडमना एका खोलीत इतिहास सांगत रोखून धरायचं, आणि आम्ही निघालो की पहिलवानानं तसबीर काढून बोळातून धावत पुढची खोली गाठायची आणि ओलीवर टांगायची. मी मोठ्यानं "चला, पुढच्या दालनात!" म्हटलं की पळ!

"आणि वरच्या मजल्यावरचा तो तडा?" बायकोनं विचारलं. "त्यातून आता पलीकडचं आकाश दिसतं."

"त्याला कपाट!"

ते कपाट वर कसं नेलं ते विचारू नका. पहिलवान खाली, मी वर, आणि बाहेरचा जिना आमच्या नावानं कण्हतोय! पहिलवानाला कपाटापलीकडचं काही दिसत नव्हतं. सगळी सूत्रं माझ्या हाती. वरच्या बोळात पोचलो. तडा होता दोन दारांच्या शेजारी. त्याच्यापुढे कपाट लावायचं, तर एक दार झाकलं जात होतं.

"दार खरं का खोटं?" पहिलवान धापा टाकत ओरडला.

मी दोन्ही दारांकडे पाहिलं. एकाची मूठ ढिली होती. ढिली मूठ म्हणजे खोटं दार, हा माझा अनुभव! आतून पाण्याचा आवाज येत होता खरा, पण त्या घरात पाणी कुठल्याही भिंतीत वाजतं.

"खोटं आहे! ढकल!"

आम्ही ढकललं. कपाट असं फिट्ट बसलं की जणू तिथेच जन्मलंय.

खाली जेवणघरात कपाटामागची भिंत उघडी पडली होती. तिच्यावर कुणी कोळशानं मारल्यासारख्या रेघोट्याच रेघोट्या! पुसायला ओलं फडकं शोधतोय तोच दारावर टकटक. मॅडम! वेळेआधीच!

"त्या भिंतीवर शेवटी पणजोबाच टांग!" मी कुजबुजलो.

"तिथे खिळा नाही!"

"मग धरून उभा राहा!"

मॅडम बुटक्या, कमरेला मोजपट्टी, गळ्यात कॅमेरा. बोलण्यात एक ठरलेला शब्द, "अस्सं." आल्या आल्या त्यांनी फोटो काढायला सुरुवात केली, खचाक् खचाक्! "घरमालक कुठे आहेत?"

"बाबा तयार होतायत," बायको म्हणाली. "तुम्ही येणार म्हणून सकाळपासून आंघोळीची तयारी चालली होती."

हे ऐकून माझ्या मनात काहीतरी हललं, पण मी ते समोर काहीतरी ठेवून झाकून टाकलं.

दिवाणखान्यात पणजोबा शोभून दिसत होते. मी इतिहास ठोकून दिला आणि ओरडलो, "चला, पुढच्या दालनात!" मागच्या बोळात धाडधाड पावलं वाजली. वाचनाच्या खोलीत शिरलो, तर पणजोबा हजर!

"हे आत्ताच पाहिले ना?" मॅडमनी चष्मा वर केला.

"छे, छे! ते थोरले. हे त्यांचे जुळे भाऊ."

"अस्सं." खचाक्!

गाण्याच्या खोलीतही पणजोबा.

"हेही भाऊ?"

"तिळे होते, मॅडम."

"अस्सं. घराण्याला जोडीची आवड होती म्हणता, मग तिळे कसे?"

"त्याचंच तर त्यांच्या आईला फार वाईट वाटायचं!"

पाहुण्यांच्या खोलीत घाईघाईत पणजोबा उलटे टांगले गेले होते. मिशा वर, टक्कल खाली. मॅडम मान वाकडी करून बराच वेळ बघत राहिल्या. शेवटी बायकोच म्हणाली, "हे जरा वेगळ्या स्वभावाचे होते."

मग वरचा मजला. कपाटापाशी मॅडम थांबल्या. मी म्हणालो, "अस्सल सागवानी! कित्येक वर्षं इथेच आहे."

आणि कपाट बोललं. "अरे! दार कुणी लावलं?"

म्हणजे ते दार खरं होतं! न्हाणीघराचं! अख्ख्या घरातलं एकुलतं एक न्हाणीघर, आणि बाबा आत!

"आत कुणी आहे का?" मॅडमनी विचारलं.

"जुनं लाकूड आहे, मॅडम. ऊन तापलं की वाजतं."

"कोण, जावईबापू का?" कपाटानं विचारलं.

"लाकडाला नातीही कळतात?" मॅडम म्हणाल्या. खचाक्!

मी त्यांना जवळजवळ ओढतच खाली जेवणघरात आणलं; बायको अंगणातच थांबली. एकदा एवढी खोली दाखवली की बाबांना सोडवायला मोकळा! जेवणघरात पणजोबा भिंतीवर होते. सरळ होते. पण चौकटीच्या दोन्ही बाजूंनी जाड जाड बोटं बाहेर आली होती, आणि खाली पहिलवानाचे पाय.

मॅडम जवळ गेल्या. अगदी जवळ. "यांना घाम आलाय," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात बाहेरून बायकोची किंकाळी आली. "बाबा!"

पहिलवानानं पणजोबांना खुर्चीच्या पायाशी टेकवलं आणि आम्ही सगळे बाहेर धावलो. वर बघतो तर काय! दर्शनी भिंतीच्या सज्ज्यावर बाबा उभे! कमरेला टॉवेल, केस नीट विंचरलेले. न्हाणीघराच्या खिडकीतून बाहेर पडून ते शेजारच्या खिडकीतून आत जायला निघाले होते, आणि ती खिडकी जोरजोरात ठोठावत होते.

"बाबा, ती रंगवलेली आहे!" पहिलवान ओरडला.

"यातली एक रंगवलेली आहे हे मला माहीत आहे!" बाबा ओरडले. "कुठली, ते विसरलो!"

मग त्यांचं लक्ष मॅडमकडे गेलं. टॉवेल सावरत त्यांनी वरूनच नमस्कार केला. "या, या! घर बघितलंत का? सगळं पाहिल्याशिवाय जायचं नाही हं!"

खचाक्!

पहिलवानानं शिडी आणली. बाबा एकेक पायरी उतरले. मान ताठ. खाली येताच माझ्याकडे न बघता ते मॅडमसमोर उभे राहिले.

"मॅडम, ही पोरं तुमच्यापासून काहीतरी लपवत असणार. ती वाईट नाहीत. आमच्या घरात तशी रीतच आहे. पण तुम्ही घर आहे तसंच बघा. तडे आहेत, ओल आहे, खिडक्या खोट्या आहेत. आमच्या आजोबांना घर बांधायला येत नव्हतं, पण हौस फार होती. माझा जन्म इथलाच. मला दुसरीकडे झोप लागत नाही, एवढंच."

माझ्या हुशारीपायी या माणसाचं घर जाणार होतं! बायको डोळे पुसत होती. मॅडम तडक आत गेल्या. आम्ही मागोमाग. जेवणघरात त्या उघड्या भिंतीसमोर उभ्या होत्या, नाक भिंतीला टेकवून. तिथे त्या रेघोट्या!

"मॅडम, ते पुसायचं राहिलं," मी चाचरत म्हणालो. "आत्ता फडकं आणतो—"

"हात लावाल तर खबरदार!"

त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला. मग भिंत, खुर्ची, टेकलेले पणजोबा, सगळ्यांचे फोटो काढले, खचाक् खचाक्, एकदम हसल्या आणि बाबांचा हात धरून त्यांना पुढे नेलं. "बघा. हे तुमचंच घर आहे."

आणि दिसलं! पूर्वीचे गवंडी कागदावर नाही, भिंतीवरच आराखडा काढायचे. दोन मनोरे, जोडीजोडीची दारं, प्रत्येक खोटी खिडकी, सगळं होतं. फक्त जिना नव्हता. आणि मधोमध, जिथे जिना हवा तिथे, दुसऱ्याच हातानं, रागारागानं काढलेला एक भला मोठा गोल, आत प्रश्नचिन्ह!

"म्हणजे खरंच विसरले होते!" पहिलवान ओरडला.

"आणि लाजेनं त्याच्यापुढे कपाट ठेवलं," बाबा हळूच म्हणाले. "तेच पहिलं कपाट." मग ते असे हसायला लागले की टॉवेल पुन्हा सावरावा लागला. आम्हीही सगळे हसत सुटलो, मॅडमसुद्धा!

"इतका जुना आराखडा भिंतीवर टिकलेला मी कधी पाहिला नाही," डोळे पुसत त्या म्हणाल्या. "बाकीच्या घरांत लोक रंगरंगोटी करतात आणि सगळं घालवतात. तुमच्या घराण्यानं कधी काही दुरुस्त केलं नाही, हेच उपकार!"

बाबांनी माझ्याकडे वळून पाहिलं. "गवंडी बोलवणार होते हे," ते म्हणाले.

घर संरक्षित झालं! खाण टेकडीपलीकडेच थांबली. बाबा त्यांच्या खोलीत घोरतात. मी सगळ्यांना सांगतो की हे माझ्या नियोजनाचं फळ, आणि ते खोटंही नाही. कपाट हलवलं कुणी?

फक्त हुकुमात एक कलम निघालं. पाहणीच्या दिवशी फोटोत जी वस्तू शेवटची जिथे दिसते, तिथून ती परवानगीशिवाय हलवायची नाही. त्यामुळे पाहुण्यांच्या खोलीत नुसता रिकामा खिळा आहे, पणजोबा जेवणघरात खुर्चीच्या पायाला टेकून बसलेत, आणि कपाट न्हाणीघराच्या दारासमोर उभं आहे. परवानगीसाठी अर्ज केलाय. विचार चालू आहे म्हणतात.

तोवर आंघोळीला शिडीनं, खिडकीतून जायचं. परवा मी टॉवेल गुंडाळून, साबणाची डबी दातात धरून शिडीच्या मधोमध पोचलो होतो, आणि खाली घर बघायला सहलीची मंडळी आली. बाबा त्यांना उत्साहानं सगळं दाखवत होते. हे मनोरे, ही खोटी खिडकी, ही खरी. एका बाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. "आणि हे?"

"हे आमचे जावई," बाबा म्हणाले. "पाहणीच्या फोटोत तेही आहेत. आता हलवता येत नाहीत!"